धुक्याची अकरा चित्रं

सल्ल्यासाठी आलेलं पत्र थोडक्यात असं. पत्रलेखिका त्रेचाळीस वर्षांच्या आहेत. कलेचं शिक्षण पूर्ण केलं, पण घरच्या जबाबदारीमुळे हिशेबनिसाची नोकरी धरली, तिला आता अठरा वर्षं झाली. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी पुन्हा रंग हातात घेतले आणि तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी जलरंगात निसर्गचित्रं करतात. दोन वर्षांपूर्वी एका समूह प्रदर्शनात तळ्यावरच्या पहाटेच्या धुक्याचं त्यांचं चित्र विकलं गेलं. ते पाहून एका गृहसजावटकाराने तसंच आणखी एक मागितलं, मग आणखी एक. अशी धुक्याची अकरा चित्रं झाली. आता तो वर्षाला वीस चित्रांची कायमची ऑर्डर देतो म्हणतोय. तेवढ्या पैशांत नोकरी सोडता येईल असा त्यांचा हिशेब आहे. नवऱ्याचा पाठिंबा आहे, मुलाच्या कॉलेजचा खर्च मात्र तीन वर्षांवर आलाय. राहतात तिथे रंगवण्यासारखं काही नाही, म्हणून नोकरी सुटली की डोंगर-समुद्र फिरत चित्रं काढायची असं मनात आहे. त्यातच जुन्या सरांनी चित्रं बघून "लँडस्केप आता कोण बघतं? अमूर्ताकडे वळ" असं सांगितलं, ते मनाला लागलंय. नोकरी सोडू का, ऑर्डर घेऊ का, की निसर्गचित्रच सोडून देऊ, असं त्या विचारतात. शेवटी ताजा कलम: "हल्ली ब्रश हातात घेतला की कंटाळा येतो. नोकरीने थकत असेन."

नमस्कार ताई,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. मी मात्र अडखळलो ते एका भलत्याच वाक्यापाशी. कामाची पद्धत सांगताना तुम्ही सहज लिहून गेलात, "गेल्या चार वर्षांत जागेवर बसून एकही चित्र केलेलं नाही, वेळच नसतो. फोनमधल्या फोटोवरून करते." त्याच्या जरा वर, सुरुवातीच्या वर्षांबद्दल सांगताना एका दुपारची आठवण आहे. कालव्याच्या कडेला बसला होतात, पाऊस आला, ओल्या आकाशावर थेंब पडून पांढरे डाग उमटले, तरी उठवेना. ते चित्र बिघडलं, पण अजून कपाटात जपून ठेवलंय.

ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघा. पावसाची ती दुपार आली तेव्हाही नोकरी हीच होती. वर्षअखेरचे हिशेब हेच होते, मुलगा आणखी लहान होता, म्हणजे दमणूक उलट जास्तच असणार. तरीही उठवत नव्हतं. मग आजच्या कंटाळ्याचं खापर नोकरीवर कसं फोडायचं? मधल्या काळात नोकरी बदललेली नाही. बदललंय ते एवढंच की तुम्ही जागेवर जायचं सोडलंत. मला वाटतं कंटाळा तिथून आलाय. नोकरी सोडून घरी बसून त्याच फोटोवरून बारावं, तेरावं, तिसावं धुकं काढत राहिलात तर तो तुमच्या मागे येईल, आणि तेव्हा खापर फोडायला नोकरीही नसेल.

फोटोवरून चित्र करणं हे पाप आहे असं मी म्हणत नाही. इंग्लिश निसर्गचित्रकार टर्नर प्रवासात बहुतेक वेळा बाहेर फक्त पेन्सिलने टिपणं काढायचा आणि रंग मागाहून, मुक्कामी किंवा स्टुडिओत भरायचा. रंगवत बसलं तर एका चित्राच्या वेळात डझनभर रेखाटनं हुकतात, असा त्याचा हिशेब होता. फ्रेंच निसर्गचित्रकार कोरोची उतारवयातली कितीतरी चित्रं आठवणीतून केलेली आहेत. पण हे दोघे आयुष्यभर बाहेर बसून मग घरात आले होते. त्यांच्या आठवणीत वारा होता, उकाडा होता, डासही होते. तुमच्या फोनमधल्या फोटोत सेकंदाचा एक बारीकसा तुकडा आहे. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. तुम्ही दोन तास एका जागी बसलात की सूर्य आकाशात तीस अंश सरकतो, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर साधारण तीन मुठी. सावल्याही वळतात. तुम्ही त्या दोन तासांतलं थोडं इथलं, थोडं तिथलं उचलून कागदावर एकच क्षण उभा करता, जो तसा कधी आलाच नव्हता. निसर्गचित्रातला जिवंतपणा बराचसा या उचलेगिरीतून येतो. फोटोत उचलायला काही उरलेलं नसतं, निवड आधीच झालेली असते.

माझ्या खोलीच्या खिडकीतून मागच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसते. चौकोनी, सिमेंटची, एका कोपऱ्यातून गळून खाली काळपट हिरवा ओघळ आलेला. गेल्या वर्षी पाय दुखावला म्हणून सहा आठवडे घरात पडून होतो. दुसरं काही समोर नव्हतं म्हणून ती रंगवायला घेतली. पहिल्या दिवशी टाकी करडी केली आणि सावली जास्त करडी. चौथ्या दिवशी लक्षात आलं की दुपारी साडेचारनंतर सावलीच्या भागात खालून उजेड येतोय, गच्चीच्या तापलेल्या तांबड्या फरशीवरून उसळलेला. म्हणजे सावलीची खालची कड वरच्यापेक्षा उबदार. वरची कड निळसर, कारण तिच्यावर आकाश पडतंय. एकाच सावलीत दोन ऋतू. ओघळाचा हिरवा फक्त ढगाळ दिवशी हिरवा असतो, उन्हात तो जवळजवळ तपकिरी होतो. त्याच वेळी फोनने फोटो काढून पाहिला, तर सावली सपाट काळसर आणि आकाश पांढरंफटक. कॅमेऱ्याला एका वेळी बहुतेकदा एकच काहीतरी सांभाळता येतं, उजेड तरी नाहीतर अंधार तरी. डोळा आळीपाळीने दोन्हीशी जुळवून घेतो. शिवाय फोनच्या रुंद भिंगात लांबचा डोंगर आणखी लांब जातो आणि बुटका होतो. डोळ्यांना भव्य वाटलेला डोंगर फोटोत टेकडी कसा झाला, याचं कोडं बाहेर काम करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडलेलं असतं.

आणि जलरंगाची तर वेगळीच गंमत आहे, ती तुम्हाला सांगायला नको. बाहेर कोरड्या हवेत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, बघता बघता वाळतो. ओल्या कडेला हात लावायचा की थांबायचं हे क्षणात ठरवावं लागतं, आणि वाळल्यावर रंग एक पायरी फिका होणार हे धरून आधीच गडद लावावा लागतो. या घाईत हात काहीतरी धाडस करून जातो. खोलीत पंखा बंद करून, फोटो मोठा करून बघत बसलं की तो धाडसाचा प्रसंगच येत नाही. कालव्यावरच्या त्या बिघडलेल्या चित्रातले पावसाचे डाग तुम्ही मुद्दाम काढू शकला नसता. म्हणूनच ते कपाटात आहे, आणि अकरा धुक्यांपैकी एकही तुम्ही स्वतःसाठी ठेवलेलं नाही. निदान पत्रात तसा उल्लेख नाही.

आता ऑर्डर. याबद्दल मी अनुभवाने बोलू शकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तिशीत असताना मी एका ठेकेदारासाठी नदीकाठच्या संध्याकाळी रंगवायचो. तीच नदी, डाव्या बाजूला तीच होडी, तोच केशरी. तीसेक झाल्या असतील. पैसे वेळेवर मिळाले, माणूस सचोटीचा होता, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मग एका सुट्टीत खऱ्या नदीवर गेलो. कागद ताणून लावला, पाणी भरलं, आणि पहिल्या पाच मिनिटांत हाताने डाव्या बाजूला होडी काढून टाकली. समोर होडी नव्हती. समोर काय होतं हे मी बघितलंच नव्हतं. मी पॅलेट धुतलं आणि घरी आलो. त्यानंतर हात सोडवायला दीड वर्ष गेलं. त्या काळात केलेलं काहीही आज दाखवण्यासारखं नाही. तुमच्या ताज्या कलमातला कंटाळा मी वाचला तेव्हा ती होडी आठवली. मला त्या वेळी तुमच्याइतकं लवकर जाणवलं नव्हतं. तुम्हाला कंटाळा येतोय हे चांगलं लक्षण आहे, तुमचा डोळा अजून हाताच्या ताब्यात गेलेला नाही.

इथे तुम्ही म्हणाल, फ्रेंच चित्रकार मोनेनेही एकच विषय पुन्हा पुन्हा रंगवला. खरं आहे. १८९० आणि ९१ च्या सुमारास त्याने घराजवळच्या शेतातल्या गंजींची पंचवीसएक चित्रं केली, आणि त्यातली पंधरा १८९१ मध्ये पॅरिसला एकत्र मांडली. पण ती कशी झाली ते बघा. एक चित्र चालू असताना उजेड बदलला, म्हणून त्याने सावत्र मुलीला दुसरा कॅनव्हास आणायला पिटाळलं, मग तिसरा. गंजी तीच, पण प्रत्येक कॅनव्हासवर प्रश्न वेगळा होता. तुमच्या अकरा चित्रांत धुकं एकच आहे, उत्तर एकच आहे आणि ते आधीच माहीत आहे. तुमच्या पत्रातच आहे की सजावटकार नवीन चित्र जुन्याशेजारी धरून बघतो आणि "डावीकडचं झाड जरा इकडे हवं होतं" म्हणतो. तो त्याच्या जागी बरोबर आहे. त्याला भिंतीसाठी माल हवाय, आणि घरात एक शांत चित्र लागावं असं वाटणाऱ्या माणसाला कमी लेखायचं मला काही कारण दिसत नाही.

म्हणून ऑर्डर झिडकारू नका, पण वीसचा आकडाही स्वीकारू नका. त्याला सांगा, वर्षाला सहा देईन. आकारमान आणि साधारण रंगसंगती तुम्ही सांगा, विषय आणि रचना माझी. जुनं चित्र समोर ठेवून नवीन करणार नाही. हे सगळं कागदावर असू द्या, दोन ओळींचा करार असला तरी चालेल: किती चित्रं, कधी, आगाऊ रक्कम किती, नापसंत पडलं तर काय, आणि चित्र विकलं तरी त्याच्या छापील प्रती काढायचा हक्क तुमच्याकडेच राहील हे स्पष्ट. सही तुमची, ठळक. तो नाही म्हणाला तर? तर तुम्हाला कळेल की त्याला चित्रकार नको होता, हात हवा होता. आणि हो म्हणाला तर वर्षाकाठी सहा चित्रांचे पैसे खात्रीचे आणि बाकीचा वेळ तुमचा.

वीस चित्रांच्या भरवशावर नोकरी सोडू नका असं म्हणण्यामागे आणखी एक साधं कारण आहे, आणि तुम्ही हिशेब बघणाऱ्या असल्याने ते माझ्याआधी तुमच्या लक्षात यायला हवं होतं. एका दुकानाचं सगळं उत्पन्न एकाच गिऱ्हाइकाकडून येत असेल तर त्या दुकानाबद्दल तुम्ही काय शेरा माराल? सजावटीत धुक्याचं फॅशन गेलं, की तुमची पगारी रजाही नाही आणि नोटीसही नाही. एक नोकरी सोडून दुसरी धरल्यासारखंच ते होईल, फक्त दुसरीत रविवार नसेल.

नोकरीबद्दल आपल्या सगळ्यांच्या मनात एक चित्र बसलेलं असतं: खरा चित्रकार तो, ज्याने सगळं सोडलं. निसर्गचित्रकारांची चरित्रं वाचताना मला तसं फारसं सापडत नाही. जपानी चित्रकार हिरोशिगेला आईवडील गेल्यावर १८०९ साली, बारा-तेरा वर्षांचा असताना, वडिलांची अग्निशमन पथकातली जागा मिळाली. ती त्याने वीसेक वर्षं सांभाळली, चित्रं शिकला ती त्या काळातच. जपानमधल्या तोकाइदो रस्त्यावरच्या त्रेपन्न मुक्कामांची त्याची मालिका, जिने त्याचं नाव झालं, ती १८३३ च्या सुमारास आली, जागा घरातल्याकडे सोपवून झाल्यावर. चित्रकार सय्यद हैदर रझा मुंबईत आले तेव्हा दिवसा छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत काम करायचे आणि सुटल्यावर शहरातले रस्ते रंगवायचे. कोरोने सव्विसाव्या वर्षापर्यंत कापडाच्या धंद्यात उमेदवारी केली, मग आईवडिलांनी वर्षासन बांधून दिलं आणि त्यावर तो कितीतरी वर्षं जगला. इंग्लिश निसर्गचित्रकार कॉन्स्टेबल पोटासाठी माणसांची व्यक्तिचित्रं करायचा. त्याचं 'द हे वेन' हे निसर्गचित्र आज साऱ्या जगाला माहीत आहे. १८२१ मध्ये लंडनला ते मांडलं तेव्हा विकलं गेलं नाही, १८२४ मध्ये पॅरिसला त्याला सुवर्णपदक मिळालं, आणि रॉयल अकॅडमी या लंडनमधल्या कलासंस्थेचं पूर्ण सदस्यत्व मिळायला १८२९ साल उजाडलं. तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. त्याच्याहून एकच वर्षाने मोठा असलेला टर्नर सव्विसाव्या वर्षीच सदस्य झाला होता. म्हणजे या कामात घड्याळ सगळ्यांचं एक नसतं, आणि प्रत्येकाच्या मागे कुठून तरी पैसा येत होता. तुमच्या मागे तुमची स्वतःची नोकरी आहे. यात लाज वाटण्यासारखं काय आहे? तुमच्या कालव्याच्या चित्राचा कागद तुमच्याच पगारातून आला होता.

पूर्णवेळ चित्रकाराचा दिवस कसा असतो, हेही एकदा जवळून बघायला हवं. मी गेली बरीच वर्षं दुसरं काही करत नाही, तरी आठवड्यातले जेमतेम तीन दिवस ब्रश हातात असतो. बाकी वेळ चित्राभोवतीचे जाड कागदाचे माउंट कापणं, फ्रेमवाल्याकडे खेपा, चित्रं पॅक करणं, फोटो काढून नोंदी ठेवणं, गॅलरीशी पत्रव्यवहार, शिकवण्या. गॅलऱ्या विक्रीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कमिशन घेतात. फ्रेमचा खर्च बहुतेक वेळा आपलाच. तुम्ही हिशेबात चित्राची पूर्ण किंमत उत्पन्नाच्या रकान्यात धरली आहे, ती पुन्हा तपासा.

तुमच्यासारख्या अवस्थेत असलेल्यांना मी एक सांगत आलोय. नोकरी सोडायच्या आधी साठलेली रजा एकत्र घ्या, सलग महिनाभर, आणि पूर्णवेळ चित्रकार असल्यासारखं जगून बघा. फिरायला जाऊ नका. घरीच राहा, सकाळी ठरलेल्या वेळी बाहेर पडा, काम करा, दुपारी नोंदी आणि पॅकिंग. महिन्याच्या शेवटी किती चित्रं झाली यापेक्षा चौथ्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी पाय बाहेर निघत होते की नाही, याची नोंद ठेवा. निघत असतील तर कचेरीत कमी वेळाच्या कामाबद्दल विचारा, आठवड्याला चार दिवस, किंवा अर्धा पगार अर्धं काम. हिशेबाचं काम तसं वाटून घेता येतं. नोकरी सोडायचा विचार मी तेव्हाच करीन, जेव्हा घरखर्चाचे बारा महिने बाजूला पडलेले असतील, ज्यांना तुम्ही ओळखत नाही अशा वेगवेगळ्या माणसांनी तुमची चित्रं घेतलेली असतील, आणि पैसा निदान तीन वाटांनी येत असेल, मूळ चित्रं, शिकवणं, छापील प्रती किंवा आणखी काही. मुलाच्या कॉलेजला तीन वर्षं आहेत. ती अडचण न धरता मुदत धरा.

तुम्ही राहता तिथे रंगवण्यासारखं काही नाही, हे वाक्य मात्र मला मान्य नाही. कॉन्स्टेबलने १८२१ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याला काय आवडतं ते सांगितलंय: गिरणीच्या बांधावरून निसटणाऱ्या पाण्याचा आवाज, कुजलेल्या जुन्या फळ्या, शेवाळलेले खांब, विटांचं बांधकाम. आपल्याच जागा मला सगळ्यांत चांगल्या रंगवता येतील, असंही त्यात आहे. फ्रेंच चित्रकार सेझान मरणाच्या दीडेक महिना आधी, सप्टेंबर १९०६ मध्ये मुलाला कळवतो की इथे नदीकाठी तोच विषय वेगळ्या कोनातून इतका वेगळा दिसतो की जागेवरून न हलता, जरा उजवीकडे जरा डावीकडे वाकून, महिनोन् महिने काम करता येईल. आणि चित्रकार पिसारो! डोळ्याच्या दुखण्याने त्याला वाऱ्याधुळीत उभं राहता येईना, तर १८९७ मध्ये त्याने पॅरिसच्या एका हॉटेलात खोली घेतली आणि खिडकीतून खालचा बुलेव्हार मोंमार्त्र हा रस्ता डझनाहून जास्त वेळा रंगवला. पाऊस, धुकं, सकाळ, रात्रीचे दिवे. डोंगर नाही, समुद्र नाही.

नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी आपण तेच बघतो जे प्रत्येकाला दिसतं. प्रवास करावा, जरूर करावा, पण भटकंतीतून निसर्गचित्रकार घडतो असं मला वाटत नाही. तो पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी गेल्याने घडतो. घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावरची एक जागा धरा. शक्यतो सुंदर नको. एखादी भिंत, कुंपणाला लागलेलं झाड, मोकळा प्लॉट. वर्षभर आठवड्यातून एकदा तिथे जा, दर वेळी जास्तीत जास्त चाळीस मिनिटं, कारण त्याहून जास्त वेळ उजेड एकसारखा राहत नाही. कागद वहीच्या पानाएवढा, रंग चारच: एक पिवळा, एक लाल, एक निळा आणि एखादा मातकट. आधी डोळे बारीक करून फक्त उजेडाचे आणि अंधाराचे मोठे आकार बघा, पेन्सिलने तीन टोनमध्ये काड्यापेटीएवढं टिपण करा, मग रंग. फोन खिशात. घरी आल्यावर बिघडलेलं सुधारू नका, दुसऱ्या आठवड्यात नवीन करा. फोटो काढायचाच असेल तर चित्र झाल्यावर काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा, तुम्ही काय जास्तीचं पाहिलं होतं ते.

ज्यांना बाहेर बसणं शक्य नाही, प्रकृतीमुळे किंवा बायकांना एकटं बसल्यावर होणाऱ्या त्रासामुळे, त्यांना पिसारोची खिडकी आहे. तुम्हीही लिहिलंय की लोक मागे उभे राहून बघतात, प्रश्न विचारतात, ते अवघड वाटतं. पाठीमागे भिंत येईल अशी जागा निवडा, निम्मा त्रास तिथेच संपतो. एखादी मैत्रीण सोबत आली तर उत्तमच, मात्र ती चित्र काढणारी असावी, नाहीतर गप्पा होतात.

सामानाबद्दल एकच गोष्ट, कारण लोक तुमची चित्रं पैसे देऊन घेतात. ट्यूबवर रंगाच्या टिकाऊपणाची खूण असते, ती वाचा. अलिझारिन क्रिमसनसारखे काही लाल उजेडात उडतात, आणि तुमच्या धुक्यातला गुलाबी त्यावरच उभा आहे असं तुम्ही दिलेल्या रंगांच्या यादीवरून दिसतंय. त्याच्या जागी क्विनाक्रिडोन जातीचा लाल घ्या. कागद आम्लरहित, सुती लगद्याचा. गिऱ्हाइकाला थेट उन्हात चित्र लावू नका असं सांगायला संकोच करू नका.

राहिले तुमचे सर. त्यांच्याबद्दल तुम्हाला आदर आहे, तो असावा. पण 'आता कोण बघतं' हे काही कलेविषयीचं विधान नाही, बाजाराविषयीचं आहे, आणि तेही अपुरं. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीने २००७ मध्ये, सत्तरीला टेकलेला असताना, यॉर्कशरमधल्या निष्पर्ण झाडांचं चित्र पन्नास कॅनव्हास जोडून केलं, बारा मीटर रुंद. ते आता ब्रिटनमधल्या टेट संग्रहालयात आहे. आणि अमूर्ताकडे वळायचं तर रझांची वाट बघा. मुंबईचे रस्ते, मग फ्रान्समधली गावं, मग हळूहळू घरांचे आणि झाडांचे आकार विरघळत गेले, आणि ऐंशीच्या सुमारास त्यांच्या चित्रात बिंदू येऊन स्थिरावला, तो मध्य प्रदेशातल्या लहानपणाची आठवण घेऊन. तीसएक वर्षं लागली. कोणी 'वळ' म्हटलं म्हणून ते वळले नव्हते. तुमचं धुकं वर्षभरानंतर आपोआप अमूर्त होऊ लागलं तर होऊ द्या. आज ठरवून नको.

सजावटकाराला उत्तर द्यायला पंधरा दिवस मागून घ्या. त्या पंधरा दिवसांत दोन रविवार येतात. पहिल्या रविवारी कालव्यावर जा, त्याच जागी. कॉन्स्टेबल ढगांचा अभ्यास करायचा तेव्हा कागदाच्या पाठीवर तारीख, किती वाजले, तोंड कुठल्या दिशेला आणि वारा कुठून, हे लिहून ठेवायचा. तुम्हीही लिहा. मग घरी येऊन बाराव्या धुक्याचं जे चित्र अर्धवट लावून ठेवलंय असं तुम्ही म्हणता, ते उलटं करून बघा, त्याच्या पाठीवर काय लिहिता येतंय. दुसऱ्या रविवारनंतर मला कळवा.